येडशी मला माहीत होती

मुलाला ल्युकेमिया आहे हे आईवडिलांना सांगून एक-दोन दिवस होत नाहीत तोच एक निर्णय पुढे येऊन उभा राहतो, आणि त्याबद्दल त्या दोघांनी आयुष्यात कधी काही ऐकलेलं नसतं. पुढची दोन-अडीच वर्षं औषध या मुलाच्या रक्तात शिरणार कुठल्या वाटेने? दर वेळी हाताच्या शिरेत नवी सुई टोचायची, दंडातून हृदयाजवळ पोचणारी बारीक पिक लाईन घालायची, छातीतून बाहेर येणारी हिकमन ठेवायची, की कातडीखाली पोर्ट बसवायचा? बालकर्करोगतज्ज्ञ म्हणून हा निर्णय मी पुष्कळ मुलांसाठी घेतला आहे. त्यातले काही चुकले. त्यांतली जी चूक मला सर्वांत जास्त सलते ती माझ्या माहेरच्या गावातल्या, येडशीच्या मुलाच्या बाबतीत घडली. ज्युनिअर डॉक्टरांना मी ती अनेकदा सांगितली आहे. लिहून मात्र कधी काढली नव्हती.

पण सुरुवात त्याच्या आधीपासून करायला हवी, कारण त्या चुकीकडे मी दोन चुका करून आले होते.

मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे बहुतेक मुलं हाताच्या शिरेवरच असायची. खेड्यातलं मूल, हातावर पोट असलेलं घर, लांबचा प्रवास. मध्यवर्ती नळी घातली आणि तिच्यात जंतू शिरले तर? हे कारण खोटं नव्हतं. पण ल्युकेमियाची काही औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. व्हिन्क्रिस्टिन त्यातलं एक, डॉनोरुबिसिन दुसरं. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताचा लोट इतका असतो की औषध क्षणात पातळ होऊन पुढे जातं. तीन वर्षांच्या पोरीच्या हाताच्या पाठीवरल्या शिरेत तेवढं रक्तच नसतं.

अशाच एका मुलीला मी व्हिन्क्रिस्टिन देत होते. सकाळी त्याच शिरेतून तपासणीसाठी रक्त काढलेलं होतं. दुसरी शीर सापडत नव्हती म्हणून मी तिथेच थोडं खाली, बोटांच्या बाजूला सुई घातली. सलाईन टाकून पाहिलं, रक्त मागे आलं, औषध सुरू केलं. मुलगी रडायला लागली. ती प्रत्येक सुईला रडायची, म्हणून मी थांबले नाही. सकाळच्या छिद्रातून औषध बाहेर झिरपत होतं आणि ती मला तेच सांगत होती. हाताची पाठ आधी लाल झाली, मग काळी पडली, शेवटी तिथे मांडीची कातडी लावावी लागली. आज ती मुलगी मोठी आहे, बरी आहे, त्या हाताने लिहिते. करंगळी मात्र पूर्ण सरळ होत नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. स्वतः निर्णय घेण्याच्या जागेवर आल्यावर मी शक्य त्या प्रत्येक मुलाला पोर्ट सुचवू लागले, आणि तोही ताबडतोब. पोर्टचे गुण मला तोंडपाठ होते. कातडीखाली झाकलेली डबी, बाहेर काही लोंबत नाही, मूल आंघोळ करू शकतं, पोहू शकतं. वापर नसेल तेव्हा महिन्यातून एकदा ह्यूबर सुईने फ्लश केलं की झालं. ह्यूबर सुईचं टोक असं वाकवलेलं असतं की ती पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा पाडत नाही, म्हणून तोच पडदा शेकडो वेळा टोचता येतो. हे सगळं खरं आहे आणि मी आजही पोर्टच्या बाजूची आहे. चूक वेळेत होती. इंडक्शनच्या, म्हणजे उपचाराच्या पहिल्या महिन्याच्या, पहिल्या आठवड्यात मुलाच्या अस्थिमज्जेचं कामच बंद पडलेलं असतं, न्यूट्रोफिल जवळपास नसतात, वर रोज स्टेरॉइड चालू. अशा शरीरात चार टाके घालून पोर्टसाठी कप्पा करायचा आणि तो भरून यायची वाट पाहायची. एका मुलाचा कप्पा भरला नाही, चिघळला. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला. तो एकदा नळीवर बसला की नुसत्या अँटिबायोटिकवर भरवसा ठेवता येत नाही, नळी काढावी लागते. पोर्ट काढला, केमो थांबली, आणि ल्युकेमियात केमो थांबणं म्हणजे काय हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

इंडक्शनच्या पहिल्या दोन आठवड्यांत घातलेल्या नळ्यांत जंतुसंसर्ग जास्त दिसतो, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये छापलं होतं. मी ते वाचलेलं होतं. मला घाई झाली होती ती त्या भाजलेल्या हातामुळे. एका मुलीचं ऋण मी दुसऱ्याच मुलाच्या अंगावर फेडत होते.

मग मी मधला मार्ग धरला. इंडक्शनपुरती पिक लाईन, महिन्याभराने मज्जा सावरली की पोर्ट. कागदावर हा मार्ग आजही बरोबर आहे. पिकला भूल थोडी पुरते, टाके नाहीत, प्लेटलेट कमी असतानाही ती घालता येते. येडशीच्या मुलाला मी हेच सुचवलं.

चार वर्षांचा मुलगा. ताप, अंगावर निळसर डाग, पाय दुखतात म्हणून चालेना. आधी धाराशिव, मग बार्शी, तिथून आमच्याकडे. बार्शीचं नाव आमच्या भागात कर्करोगाशी फार आधीपासून जोडलेलं आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. मुलाबरोबर आई आणि आजी होत्या. वडील ट्रकवर, महिन्यातून काही दिवसच घरी. आजीने माझं आडनाव वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही अण्णांच्या का? येडशीच्या?" मी हो म्हटलं. तिने तिथेच सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं. आपल्या गावची लेक हाय. तुम्ही म्हणाल तसं."

एरवी मी प्रत्येक कुटुंबाला पिकबद्दल सांगताना घराची चौकशी करते. पाणी कुठून येतं, दवाखाना किती दूर, दिवसा मुलाजवळ कोण असतं. तेव्हाही करत असे, कमी पण करत असे. त्या दिवशी केली नाही. येडशी मला माहीत होती ना. रेल्वे स्टेशन, हमरस्ता, रामलिंगची दरी, श्रावणी सोमवारची गर्दी आणि माकडं. माहेरचं घर गावठाणात, दारात नळ, दवाखाना हाकेच्या अंतरावर. आठवड्याला एकदा ड्रेसिंग आणि फ्लश, एवढं येडशीत कुणालाही जमेल. मी दोन वाक्यांत समजावलं, हात ओला होऊ देऊ नका, आठवड्याने जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग करून घ्या, ताप आला तर रात्री असो की दिवस, लगेच निघा. सही झाली. पिक लाईन घातली. एक्स-रेत टोक हवं तिथे, वरची महाशीर हृदयाला मिळते त्या जागी होतं. मी समाधानाने पुढच्या पेशंटकडे गेले.

ते कुटुंब गावठाणात राहतच नव्हतं. त्यांची वस्ती रानात, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात तिथपर्यंत दुचाकीही जात नाही. पाणी विहिरीचं, आणि उन्हाळ्यात तेही नाही. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची, म्हणजे ड्रेसिंगचा दिवस हा मजुरी बुडण्याचा दिवस. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि घामाने ती पारदर्शक पट्टी कडेने सुटते. आंघोळीला आजी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर बांधायची, आणि पाणी जाऊ नये म्हणून घट्ट बांधायची. दवाखान्यातल्या ज्या माणसाने फ्लश केलं तो भला होता, पैसेही घेत नसे. त्याच्याजवळ जी होती ती २ मिलीची सिरिंज त्याने वापरली. पिक लाईनला १० मिलीहून लहान सिरिंज लावू नये, लहान सिरिंज जास्त दाब देते, थोडं ढकल-थोडं थांब असं करून नळी धुवावी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं मी होतं. नळी हळूहळू आतून चोंदत गेली.

त्याच वेळी मुलाच्या रक्तात दुसरी गोष्ट चालू होती. इंडक्शनमध्ये आम्ही एल-अ‍ॅस्पॅराजिनेज देतो. ल्युकेमियाच्या पेशींना लागणारं अ‍ॅस्पॅराजिन ते तोडतं, आणि त्याच ओघात यकृतात बनणारी कितीतरी प्रथिनं कमी करतं. त्यात रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिनही येतं. वर स्टेरॉइड. म्हणजे गुठळी व्हायला हवी तशी जमीन आम्हीच तयार करतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात एका बारीक शिरेत नळी ठेवतो. नळीने शिरेची निम्म्याहून कमी जागा व्यापावी असा नियम आहे. ४ फ्रेंचची नळी सव्वा मिलिमीटरहून थोडी जाड असते. चार वर्षांच्या, महिनाभर नीट न जेवलेल्या पोराच्या दंडातली शीर किती रुंद असेल? आत जाताना अडली नाही, म्हणून मी शीर मोजली नाही. सोनोग्राफीचं मशीन शेजारीच उभं होतं.

एका संध्याकाळी आईचा फोन आला.

"मॅडम, लेकराचा हात जरा सुजल्यागत दिसायलाय."

"लाल झालाय? ताप?"

"न्हाई, ताप न्हाई. लाल बी न्हाई."

"आंघोळीला रबर बांधता ना? घट्ट असेल. सैल बांधा, हात उशीवर उंच ठेवा. दोन दिवसांनी अपॉइंटमेंट आहेच."

हे संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं. ताप नाही, लाली नाही, म्हणजे जंतुसंसर्ग नाही, इथे माझा विचार संपला. रबराची गोष्ट मी स्वतः सुचवली आणि स्वतःच मान्य केली. आईने हो म्हटलं, कारण रबर खरंच बांधत होते. पिक असलेला हात, अ‍ॅस्पॅराजिनेज चालू असताना, कोणत्याही कारणाने सुजला तर गुठळी नाही हे सिद्ध होईपर्यंत ती गुठळीच धरायची असते. परीक्षेत विद्यार्थ्याने वेगळं उत्तर दिलं असतं तर मी त्याचे गुण कापले असते.

तो आला तेव्हा हात दंडापासून बोटांपर्यंत ताठ होता, आणि छातीच्या त्या बाजूला बारीक निळ्या शिरा उमटल्या होत्या. मुख्य वाट बंद झाली की रक्त आडवाटा शोधतं, त्या वाटा कातडीवर दिसत होत्या. डॉपलरमध्ये गुठळी दंडापासून गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेपर्यंत. आणखी पुढे सरकली असती तर, किंवा असलीच गुठळी मेंदूच्या शिरेत झाली असती तर, हे मी त्या रात्री आईसमोर बोलले नाही. पण मनात तेच होतं.

पुढचे महिने त्या पोराने दिवसातून दोनदा पोटावर गुठळीविरोधी इंजेक्शन घेतलं. पिक लगेच उपटता येत नाही, सुटलेला तुकडा फुफ्फुसात जाऊ शकतो, म्हणून काही दिवस औषध चढवून मग ती काढली. केमोसाठी पाठीत सुई घालायच्या आधी २४ तास ती इंजेक्शनं बंद, नाहीतर मणक्यात रक्तस्राव. प्लेटलेट पडले की पुन्हा बंद. अ‍ॅस्पॅराजिनेजचे डोस पुढे ढकललेले. प्रत्येक वेळी तारखांचं गणित, आणि प्रत्येक गणितात केमो थोडी मागे. ती इंजेक्शनं घरी कोण देणार हा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली, "मी शिकते." तिला एकदा दाखवावं लागलं. मी मनात आणलं असतं तर १० मिलीची सिरिंजही तिला एकदाच दाखवावी लागली असती.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी त्या वस्तीवर गेले. सोयाबीनची मळणी नुकती झालेली, भुशाची धूळ अजून पत्र्यावर होती. मुलगा खाटेवर खेळत होता. मी आईला विचारलं, हे सगळं जमणार नाही असं त्या दिवशी सांगितलं का नाही? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की तिने तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी हात दाबला. "आत्याबाई म्हणाल्या, गावच्याच हैत, त्यांना समदं ठाव असतंय, आपुन काय सांगावं."

परक्या डॉक्टरला तिने सांगितलं असतं. परक्या डॉक्टरने विचारलंही असतं. माझं गावचं असणं दोन्ही बाजूंनी आडवं आलं.

पुढे मी या नळ्यांचा इतिहास मुद्दाम काढून वाचला. १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्ड इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ही गोष्ट प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मी थांबले ती सिॲटलच्या कामापाशी. कातडीखालून बोगद्यासारखी नेलेली सिलिकॉनची नळी ब्रोव्हियॅक यांनी १९७३ मध्ये मांडली. आतडं निकामी झालेल्या माणसांना शिरेतून अन्न द्यायचं होतं, आणि ते त्यांच्या घरी द्यायचं होतं. १९७९ मध्ये हिकमन यांनी ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मोठी केली, पोर्ट त्यानंतर आला. म्हणजे बोगद्याची पहिली नळी घरी जाणाऱ्या माणसासाठीच बनली होती. मी तिच्या भावंडांची निवड घर सोडून बाकी सगळं बघून करत होते: प्लेटलेट, न्यूट्रोफिल, भुलीची यादी, शस्त्रक्रियागृहाची वेळ.

ज्या अभ्यासांवर आपण विसंबतो त्यांतही घर लपलेलं असतं. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ रुग्णांवर पिक, हिकमन आणि पोर्ट यांची तुलना झाली, २०२१ मध्ये ती लॅन्सेटमध्ये आली, पोर्टमध्ये गुंतागुंत कमी निघाली. मी ती खूप ठिकाणी सांगते. पण त्या देशात नर्स घरी येऊन ड्रेसिंग करू शकते, हे वाक्यही आता मी त्याच दमात सांगते. आणि ती मोठी माणसं होती, आपली मुलं नव्हेत.

आपल्याकडे हे जमणारच नाही असं मात्र नाही, आणि हे मी माझ्या जिल्ह्याच्या जोरावर म्हणते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एचपीव्ही तपासणी मृत्यू कमी करते हे जगाला दाखवणारा मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्याच गावांत झाला. ५२ ग्रामसमूह, १ लाख ३१ हजारांवर बायका, आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये निष्कर्ष. गावोगावी नमुने घेणाऱ्या प्रशिक्षित बायकांनी जे काम केलं त्यापेक्षा पिकचं ड्रेसिंग अवघड नाही. त्यांना कुणीतरी बसून शिकवलं होतं, एवढाच फरक. आता आमच्याकडून पिक घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर १० मिलीच्या सिरिंज, क्लोरहेक्सिडिन, पट्ट्या अशी पिशवी जाते, आणि आई किंवा गावातली नर्स आमच्या सिस्टरसमोर स्वतः ड्रेसिंग करून दाखवते तेव्हाच सुट्टीचा कागद निघतो. हात सुजला, मान सुजली, डोकं दुखलं, फ्लश केल्यावर हुडहुडी भरली, ही चार वाक्यं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेली असतात. यातली हुडहुडी मी पूर्वी सांगतच नसे. ताप आला की या, एवढंच. नळीतले जंतू फ्लशबरोबर रक्तात जातात आणि ताप चढायच्या आधी मूल थरथरायला लागतं, हे आयांना कळलं की त्या वेळेत निघतात.

इतकं झाल्यावरही चुकले. एका ऊसतोड कामगारांच्या मुलीला मी सगळी चौकशी करून, शीर मोजून, इंडक्शननंतर पोर्ट बसवला. घर कसं, पाणी कुठलं, दवाखाना किती दूर, सगळं विचारलं. कुठल्या महिन्यात ते घर रिकामं असतं, हे विचारलं नाही. दिवाळीनंतर कुटुंब कारखान्याच्या फडावर गेलं, मेंटेनन्सच्या, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या, गोळ्या सोबत होत्या, त्या आईने एकही न चुकवता दिल्या. महिन्याचा फ्लश मात्र राहत गेला आणि उन्हाळ्यात ती आली तेव्हा पोर्ट पूर्ण बंद होता. औषधाने गुठळी विरघळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तो काढण्यासाठी त्या पोरीला पुन्हा भूल द्यावी लागली.

येडशीच्या मुलाचे उपचार संपले आहेत. तपासणीला येतो तेव्हा उजवा दंड डाव्यापेक्षा थोडा जाड दिसतो. शिरा कधीच पूर्ववत झाल्या नाहीत, रक्ताने आडवाटाच कायमच्या केल्या. खेळून आला की हात जड होतो, असं तो सांगतो. क्रिकेटमध्ये बॉलिंग करायची का, हा त्याचा प्रश्न होता. मी कर म्हटलं, आणि हात जड झाला की थांब.

सध्या वॉर्डात परंड्याकडची एक मुलगी आहे. दोन्ही हातांच्या शिरा संपल्या आहेत, काउंट पडलेले, अ‍ॅस्पॅराजिनेज सुरू व्हायचंय. सोनोग्राफीत दंडातली शीर ३ फ्रेंचलाही जेमतेम पुरेल अशी आहे. आई म्हणते, पिक नको, घरात म्हशी आहेत, शेणामातीतच दिवस जातो, हात कोरडा राहायचा नाही. तिने हे न विचारता सांगितलं. पोर्टला काउंट पुरेसे नाहीत. म्हणून आम्ही तिला इंडक्शन संपेपर्यंत वॉर्डातच ठेवायचं म्हणतो आहोत, बोगद्याची नळी घालून, आणि तिची आई विचारते आहे की तोवर म्हशींचं कोण बघणार. आज दुपारी आईच्या भावाला बोलावलं आहे.